डावीकडे ओढणारी गाडी

आईला माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीत झोप लागते, हे मला बहिणीनंच सांगितलं. आईला दवाखान्यात दाखवून परत सोडायला ती आष्टीला आली होती. ओट्यावर बसून चहा पिता पिता सहज बोलून गेली, "आर्वी सोडली की आईचे डोये मिटतात ताई. मंग डायरेक्ट वर्ध्यातच उघडतात. लेकरासारखी झोपते."

मी "हो का" म्हटलं आणि काही कारण नसताना साखरेचा डबा उचलून आत ठेवून आले.

माझ्या गाडीत आई कधीच झोपली नव्हती. खिडकीवरची दांडी डाव्या हातानं घट्ट धरायची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला पाय पुढे रेटायची आणि जणू ब्रेक तिच्याच पायाखाली आहे अशी बसायची. समोरून ट्रक आला की "अवं अवं" करायची. मला आजवर वाटत होतं की ही तिची गाडीत बसायची रीतच आहे. आता कळलं, ती फक्त माझ्या गाडीत बसायची रीत होती.

मी आष्टीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं सासर आणि माहेर दोन्ही आष्टीतच, मधे दोन गल्ल्या. बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. सकाळी शाळेत जाताना तिच्याकडे भाजी देऊन जायचं, येताना तिच्या गोळ्या आणायच्या, सिलिंडर लावायचं, नळ आला की टाकी भरली का ते बघायचं, ही कामं माझी. त्याचं मला ओझं नव्हतं. पण बहीण वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये नोकरीला, ती महिन्यातून दोनदा यायची, आणि ती येणार असली की आई सकाळपासूनच साडी बदलून बसायची. तिची नवी पांढरी गाडी गल्लीत वळली की शेजारणी बाहेर यायच्या. आई त्यांना मोठ्यानं सांगायची, "लहानी आली माही!" मी रोज जायचे, म्हणून मी कधी आले असं कुणाला वाटायचंच नाही.

माझी गाडी जुनी. शाळेतल्या एका सरांकडून घेतली, त्यालाही आता आठ वर्षं झाली. ती चालवायला मी शिकले तेव्हा आमच्या गल्लीत गाडी चालवणारी मी पहिलीच बाई. बहिणीला स्टिअरिंग धरायलाही मीच शिकवलं, बाजार भरतो त्या मैदानावर, बाजार नसलेल्या दिवशी. हे मी कुणाला बोलून दाखवत नव्हते. मनात मात्र रोज म्हणत होते.

त्या शनिवारी माझी सकाळची शाळा होती. शाळा सुटली की आईला सावंगीला न्यायचं, गुडघा दाखवायचा, असं आमचं ठरलेलं. मधल्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. "ताई, आज मले सुट्टी आहे. मीच येऊन राह्यली आईले न्यायले. तू नको धावपळ करू."

"माझं ठरलं आहे ना तिच्याशी," मी म्हटलं.

"अवं, मी तळेगावपर्यंत आली बी."

शाळा सुटल्या सुटल्या मी निघाले. तळेगावहून आष्टी किती लांब आणि माझी शाळा किती लांब, याचा हिशेब करत मी गाडी पळवत होते. तिच्याआधी पोचायचं, आईला माझ्या गाडीत बसवायचं, एवढंच डोक्यात होतं. नाल्यावरच्या पुलाशी डांबर उखडून मोठा खड्डा पडलेला आहे. तो खड्डा मला पाठ होता, रोज तिथे मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणते. त्या दिवशी आणली नाही. पुढचं डावं चाक असं आपटलं की डॅशबोर्डवरचा वह्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर आला. मी थांबले नाही. उतरून पाहिलंही नाही.

पोचले तेव्हा आई पांढऱ्या गाडीत बसलेली होती. पट्टा लावलेला, मांडीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली. दिवाळीला मी घेतलेली जांभळी साडी नेसली होती. "तू कायले एवढी घाई केली व?" आई काचेतून म्हणाली. "लहानी आहे ना."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग आईचं दार ओढून घेतलं, कडी लावली आणि घरी आले. खड्ड्याबद्दल कुणाला काही बोलले नाही, नवऱ्यालाही नाही.

त्यानंतर गाडी बदलली, पण इतकी हळू की मला कळलंच नाही. सरळ जायचं तर स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवून धरावं लागायचं. मधलं कंपनीचं चिन्ह तिरपं दिसायचं. मी म्हणायचे, रस्ताच डाव्या अंगाला उतरता आहे. उजवा खांदा दुखायचा, तर म्हणायचे, फळ्यावर लिहून लिहून दुखतो. माणसाच्या हाताला कशाचीही सवय होते.

आईला मात्र होत नव्हती. आईनं चाळीस वर्षं शिवणकाम केलं आहे. अर्ध्या आष्टीची पोलकी तिच्या मशीनखालून गेली आहेत. सरळ रेघ कुठे हलली की तिला बसल्या जागी कळतं. एकदा आर्वीच्या रस्त्यावर ती म्हणाली, "बाई, हे गाडी कडंले काऊन जाऊन राह्यली? मशीनवर कापड ओढल्यासारखं वाटते."

"रस्ता तसा आहे," मी म्हटलं.

"परवा याच रस्त्यानं गेलतो ना आम्ही. तवा नाई वाटलं."

परवा ती बहिणीच्या गाडीतून गेली होती. मी पुढे वर्धा येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. आईनं दोनदा काहीतरी विचारलं, मी मान हलवली. तिला गाडीबद्दल बोलायचं होतं. मी ऐकलं ते माझ्याबद्दल होतं.

असे तीनेक महिने गेले. मग एका रविवारी बहीण बसनं आली. तिची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. आर्वीला आमच्या मावसभावाकडे बारसं होतं, तिघींना जायचं होतं. बहीण म्हणाली, "दे चावी, मी चालवते. तू बस आरामात." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी मागे बसले. माझ्याच गाडीत मागे बसायची माझी ती पहिली वेळ.

गाव सुटून पाच मिनिटं झाली नसतील, तिनं वेग कमी केला, आरशात मागेपुढे पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

"ताई, तुही गाडी डावीकडं ओढून राह्यली."

"रस्ता तसा आहे."

"रस्ता नाई व. स्टिअरिंग पाह्य ना, सरळ चालली तरी वाकडं आहे. कुठं आपटली का?"

"नाही."

ती खाली उतरली. पुढच्या टायरपाशी उकिडवी बसली, बारशाची साडी सावरत. आतल्या बाजूनं हात घालून टायरवरून फिरवला. मग मला म्हणाली, "ये, हात लावून पाह्य. आतून पूर्ण घासलं. चाकांची अलाइनमेंट गेली आहे. असं चालवलं तर टायर फुटन एखाद्या दिवशी, अन् आई बसते यात."

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. म्हणजे, बरोबरच बोलली होती. पण माझ्या आत जे इतके दिवस दाबून ठेवलेलं होतं ते सगळं त्या एका वाक्यावर वर आलं.

"आई बसते यात, हे तू मला सांगतेस? रोज कोण बघतं तिला? तू पंधरा दिवसांनी येतेस, गाडी दाखवतेस आणि जातेस. तुझी नवी आहे, तिला सगळं सरळच असणार. आठ वर्षं चालवते आहे मी ही गाडी. तुला चालवायला कुणी शिकवलं ते विसरलीस का?"

ती तशीच बसून राहिली, एक हात टायरवर. आई पुढच्या सीटवरून हळू म्हणाली, "चला व, बारसं आटपन." बहीण उठली, हात रुमालाला पुसले आणि चावी माझ्या हातात दिली. पुढचा रस्ता मी चालवला. ती मागे बसून बाहेर बघत होती. बारशात आम्ही दोघी दोन टोकांना जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले, गाडी अंगणात लावली आणि आजूबाजूला कुणी नाही हे पाहून टायरपाशी बसले. बाहेरून टायर चांगलं दिसत होतं, नक्षी शाबूत. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाची आतली बाजू उघडी केली. तिथे नक्षी नव्हतीच. एक गुळगुळीत पट्टा होता आणि कडेला बारीक तारा डोकावायला लागल्या होत्या. वरून हात फिरवला तर एका दिशेनं मऊ लागायचं, उलट फिरवला की करवतीसारखं बोचायचं. मी बराच वेळ तसाच हात फिरवत राहिले. आईला घेऊन मी या टायरवर आर्वीचा भरधाव ट्रकांचा रस्ता कितीदा कापला होता. त्याची मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला, की हे बहिणीला आधी कळलं.

आष्टीत अलाइनमेंटचं मशीन नाही. कारंज्याला हायवेवर ढाब्यांच्या रांगेत एक दुकान आहे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी निघाले. आई म्हणाली, "मी बी येते." मी नको म्हटलं. ती येऊन बसलीच. मी अगदी सावकाश गेले, पूर्ण वाटेत चाळीसच्या वर नेली नाही.

मिस्त्री साठीचा माणूस होता. चष्म्याला मागून दोरी बांधलेली. मी म्हटलं, "अलाइनमेंट करून द्या." त्यानं मशीनकडे पाहिलंही नाही. आधी चारही चाकांची हवा तपासली.

"हवा कमी असली तरी गाडी ओढते मॅडम," तो म्हणाला. "लोकं उगाच अलायमेंटच्या मागं लागतात." हवा बरोबर होती. मग त्यानं जॅकवर पुढचा भाग उचलला, चाक दोन्ही बाजूंनी धरलं आणि गदागदा हलवलं. उजवं चाक हललं नाही. डावं हललं, आणि आतून 'टक' असा आवाज आला.

तो खाली वाकला, बॅटरी मारून बघत राहिला. "टाय रॉड वाकला. चाकाले जो स्टिअरिंगशी जोडते ना, तो दांडा. हा बदलल्याशिवाय मशीनवर घेऊन काही फायदा नाई. आज सरळ करून देईन, उद्या पुन्हा वाकडी चालन." मग चष्मा वर करून त्यानं मला विचारलं, "कुठं जोरात आपटली काय?"

"नाही," मी म्हटलं.

"आपटल्याबिगर दांडा वाकत नाई मॅडम."

आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पाय लांब करून. ती माझ्याकडे बघत होती. मिस्त्री उत्तराची वाट पाहत होता, त्याला त्याच्या कामासाठी हवं होतं, दुसरं काही नाही.

"आपटली," मी म्हटलं. "पुलाजवळच्या खड्ड्यात. झाले तीन-चार महिने."

"मंग तवाच आणायची होती," तो म्हणाला आणि पान्हा आणायला आत गेला.

आई म्हणाली, "तो खड्डा तर तुले माहीत आहे ना. कवा आपटली?"

"लहानी तुला न्यायला आली होती तेव्हा. शनिवारी. तिच्याआधी पोचायचं होतं मला."

हायवेवरून संत्र्यांनी भरलेला एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. मी पुढे बोलत सुटले. तिच्या गाडीत तू झोपतेस, माझ्या गाडीत दांडी धरून बसतेस, ती येणार म्हटलं की साडी बदलतेस, असं सगळं. पन्नाशीला आलेली मास्तरीण, टायरच्या दुकानात, एखाद्या पोरीसारखी आईपाशी तक्रार करत होती.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिच्या गाडीत मले मयमय होते."

"काय?"

"मयमय. उलटीसारखं. काचा बंद, एसी सुरू, अन् तो सेंटाचा वास. डोये मिटून बसलं की जरा बरं वाटते. लहानी म्हणते आई झोपली. म्हणू दे. हौसेनं घेतली आहे तिनं गाडी."

"मग तिला सांगायचं ना!"

"तुले तरी कुठं सांगितलं मी? तुही गाडी कडंले जाते म्हणून एक डाव सांगितलं, त तू वर्ध्यापर्यंत तोंड फुगवलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला आनंद झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता. तिच्या नव्या गाडीत आईला मळमळतं, हे मी मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. गोळी चघळावी तसं ते मला गोड लागत होतं.

दांडा बदलायला तास गेला. मग मिस्त्रीनं गाडी रॅम्पवर घेतली, चारही चाकांना चौकोनी पाट्या लावल्या, स्टिअरिंग सरळ करून एका पट्टीनं अडकवून टाकलं. पडद्यावर पुढच्या दोन चाकांचे आकडे लाल होते. खाली बसून तो पान्ह्यानं थोडं थोडं फिरवत होता, मान वळवून पडदा बघत होता. आईही उठून पडद्यापाशी आली. "अजून जरासं," ती म्हणाली, जणू तिच्या मशीनचा टाका बसवायचा होता. लाल आकडा हिरवा झाला तशी ती "हाव" म्हणाली आणि मिस्त्रीनं मान डोलावली.

घासलेल्या दोन टायरांच्या जागी त्यानं नवी घ्यायलाच लावली. निघण्याआधी मला बरोबर घेऊन रिकाम्या सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारली. "सपाट रस्ता, मागंपुढं कुणी नाई, हळू वेग. तवा हात ढिले करून पाह्यजा. सोडायचे नाईत, फक्त ढिले. गाडीनं सांगितलं पायजे की मी सरळ आहे. आणि थरथर झाली तर ते अलायमेंट नसते, बॅलन्सिंग असते. दोन्ही येगयेगळं." गाडी सरळ गेली. स्टिअरिंगवरचं चिन्हही सरळ होतं. परतताना माझे हात सवयीनं उजवीकडे ओढत होते, आणि तीन-चार दिवस तसेच ओढत राहिले.

त्यानंतर महिन्याभरात आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर सहा आठवडे रोज व्यायाम करून घ्यावा लागेल, दवाखान्याजवळ राहिलेलं बरं. म्हणजे बहिणीकडे. आईनं मला विचारलं नाही, सांगितलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन भांडी घासताना एक कप फोडला.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी आईला बहिणीच्या क्वार्टरवर मीच सोडलं. बहिणीनं पुढची खोली आईसाठी मोकळी केली होती, संडासात धरायला दांडी बसवून घेतली होती, पलंग उंच करून घेतला होता. यातलं एकही मला सुचलं नव्हतं. बारशानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. जेवण झाल्यावर ती वही-पेन घेऊन माझ्यापाशी आली.

"ताई, आईले काय काय लागते ते लिहून दे ना. मले खरंच माहीत नाई."

मी लिहिलं. सकाळचा चहा बिनसाखरेचा, पण कपात, पेल्यात नाही. ज्वारीची भाकर पातळ. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी. असं पान भरलं. एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. आई कधीच दुसऱ्यांदा वाढून मागत नाही. "पोट भरलं" म्हणते आणि ताटावरून उठते. तिला न विचारता वाढावं लागतं. हे फक्त मला माहीत होतं आणि मला ते माझ्यापाशीच ठेवायचं होतं. आई इथे अर्धपोटी राहील, हेही मला लिहिताना कळत होतं. तरी मी पेनाचं टोपण लावलं आणि निघाले.

दिवेलागणीला आर्वीपर्यंत आले. गावाबाहेर एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबले आणि बहिणीला फोन लावला.

"आईला न विचारता वाढत जा," मी म्हटलं. "ती नाही म्हणेल. तरी वाढ."

तिनं विचारलं, "हे मघाशी काऊन नाई लिहिलं?"

"मुद्दाम."

मला वाटलं ती फोन ठेवेल. ती म्हणाली, "अजून काय लपवून ठेवलं?"

मग मी गाडीतच बसून सगळं सांगितलं. खड्डा, तो शनिवार, दांडा कसा वाकला ते. एसीचं आणि सेंटाचंही सांगितलं, आणि ते सांगताना मला किती बरं वाटलं होतं हेही. रसवाला दोनदा विचारून गेला. मी त्याला हातानं थांब म्हटलं.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "दुपारभर माह्यासमोर बसली होती ना तू. तवा नसतं सांगता आलं?"

"नाही. तुझं तोंड समोर असलं की मला राग येतो."

ती हसली. मग फोनपासून जरा लांब तिचा आवाज आला, "आई, थांब, उठू नको, अजून एक भाकर देते." आईचं "पोट भरलं व" मला फोनमध्ये ऐकू आलं, आणि ताटावर भाकर पडल्यावर तिचं गप्प होणंही. दुपारी ती एका भाकरीवरच ताटावरून उठली होती. मी फोन ठेवला आणि रसवाल्याला बिनबर्फाचा एक पेला द्यायला सांगितलं.